असू दे की, लागंल कधीतरी

गगनबावड्याला पावसाळ्यात नेट नसतं, आणि गगनबावड्याला पावसाळा बऱ्यापैकी असतो. त्यामुळं राजारामपुरीतल्या आमच्या संगणकाच्या क्लासला तिकडून येणारी पोरं जूनपासून दर सोमवारी एकच तक्रार घेऊन येतात, "सर, पिप चाललं नाही." राधानगरी, आजरा, चंदगडची पोरंही हेच म्हणतात. तिकडं कधी नेट जातं, कधी लाईट जाते, आणि कधी दोन्ही असून पोरगं भात लावायला गेलेलं असतं.

पिप हा पायथनचा हरकाम्या. पायथन ही संगणकाची भाषा, आणि तिच्यात काही करायचं तर सगळं स्वतः लिहावं लागत नाही. कुणीतरी कुठंतरी ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. पिपला नाव सांगितलं की ते नेटवरून ती आणून बसवतं. नेट नसलं की लाल अक्षरांत एक लांबलचक निबंध लिहितं आणि हातपाय गाळून बसतं.

यावर उपाय सोपा होता. एका पेन ड्राइव्हवर पायथन घालायची, लागतील तेवढ्या लायब्रऱ्या घालायच्या आणि पोरांच्या हातात द्यायच्या. नेटची कटकटच नको. काम एका दुपारचं होतं. तेवढ्यात आमच्यातल्या वेबवाल्या सरांनी विचारलं, "लागतील तेवढ्या म्हणजे नेमक्या कुठल्या?" आणि काम समितीकडं गेलं.

समितीत वेबवाले सर होते, डेटा शिकवणाऱ्या मॅडम होत्या, भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, उद्यमनगरात फाउंड्री असलेला आमचाच एक माजी विद्यार्थी होता आणि विश्वस्त म्हणून आबा होते. आबांची गूळ मार्केटात अडत. 'लायब्ररी घ्यायच्या आहेत' म्हटल्यावर त्यांनी आधी कपाटाचा खर्च विचारला. यादी टाईप करायला मी होतो. समितीत मताला किंमत असो वा नसो, यादी ज्याच्या हातात तो सगळ्यात बलवान असतो, हे मला तेव्हाच कळायला लागलं होतं.

पहिल्या बैठकीत एकमतानं ठराव झाला, की यादी मोजकी ठेवायची. पुढं सगळ्या बैठकांत मिळून एवढंच एक एकमत झालं.

सुरुवात पँडासनं झाली. तक्ते, आकडेमोड, हिशोब यासाठी ही लायब्ररी हवीच, असं मॅडम म्हणाल्या आणि कुणी हूं की चूं केलं नाही. मी पँडास उतरवून घ्यायला लावली, तर पडद्यावर एकीच्या जागी सहा नावं आली. नमपाय आली, डेटयूटिल आली, पायटीझेड, टीझेडडेटा आणि शेवटी सिक्स.

"ही सिक्स कोण?" आबांनी चष्मा वर केला.

"पँडासबरोबर आली, आबा."

"आपण बोलावली होती?"

"नाही. पँडासला डेटयूटिल लागते आणि डेटयूटिलला सिक्स लागते."

"आणि सिक्सला कोण लागतंय?"

"सिक्सला कुणीच लागत नाही."

"मग गरीब दिसतीया. असू दे की."

ही सिक्स म्हणजे पायथन दोन आणि पायथन तीन या दोन आवृत्त्यांत समेट घडवणारी बाई. दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स. त्यातली पायथन दोन १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपली. भांडणातला एक पक्षकार जाऊन काही वर्षं झाली, तरी मध्यस्थ अजून प्रत्येक संगणकावर ठाण मांडून आहे आणि तिला जा म्हणायची कुणाची टाप नाही.

पुढचा विषय आलेखांचा. मॅडमनी मॅटप्लॉटलिब मागितली. कारण ऐकून सगळेच गप्प झाले: पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. जुलै उजाडला की कोल्हापुरात 'जेवला का' च्या आधी 'किती फूट' विचारतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर तर शाळकरी पोरांनाही हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. तेव्हा बंधाऱ्याच्या रोजच्या पातळीचा आलेख काढायचा, त्यावर ३९ आणि ४३ च्या दोन रेषा मारायच्या, यापेक्षा चांगला गृहपाठ कुठला? मॅटप्लॉटलिब मंजूर.

"मग प्लॉटली पण घ्या," वेबवाले सर म्हणाले. "रेषेवर माऊस नेला की आकडा दिसतो."

"आणि सीबॉर्न," फाउंड्रीवाला म्हणाला. "रंग चांगले हायेत तिच्यात."

"पुराला चांगले रंग कशाला पाहिजेत?" मॅडम.

"असू देत की मॅडम, बघायला बरं वाटतंय."

अशा रीतीनं एकच पूर तीन लायब्रऱ्यांतून काढायची सोय झाली.

प्राध्यापक तोवर शांत होते. शांत माणसाचा समितीत फार धोका असतो. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि ॲस्ट्रल नावाच्या लायब्ररीची मागणी मांडली. कुठल्याही गावात, कुठल्याही तारखेला सूर्य कधी उगवतो, कधी मावळतो, किती अंशांवर असतो हे ती सांगते. हवी कशाला? किरणोत्सवाला. जानेवारीच्या अखेरीला आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून वर सरकत जातात, हे प्रत्येक कोल्हापूरकराला ठाऊक. वाटेतल्या इमारतींमुळं ती अडतात का, किती अडतात, यावर गावात वर्षानुवर्षं काथ्याकूट होते. प्राध्यापक म्हणाले, पोरांना सूर्याचा कोन काढता आला तर निम्मी भांडणं मिटतील.

"आणि उरलेली निम्मी?" मी विचारलं.

"ती मिटायची नाहीत. पण भांडताना आकडे तरी येतील."

देवीचं काम म्हटल्यावर विरोध कोण करणार? मंजूर.

आता आबांना धीर आला. "सूर्य बघतंय म्हणतासा, मग तिथी बी बघत असंल?" पायथनबरोबर कॅलेंडर नावाचं एक मॉड्यूल फुकट येतं, पण त्याला जानेवारी-फेब्रुवारीपलीकडं काही कळत नाही. एकादशी त्याच्या गावीही नाही. शोधाशोध केल्यावर ग्रहांची स्थिती काढणारी एक भरवशाची चीज सापडली आणि ती पायथनमधून वापरताही येत होती. तिचं नाव स्विस एफेमेरिस.

"म्हंजे पंचांग स्वित्झर्लंडचं?" आबा सावरून बसले.

"व्हय, आबा."

आबांनी बराच वेळ छताकडं बघितलं. "चालतंय," शेवटी ते म्हणाले. "घड्याळं त्यांची चांगली असत्यात."

याच सुमारास वेबवाल्या सरांनी शिस्त लावायचा एक प्रामाणिक प्रयत्न केला. "हे बघा, आपण ताटाचा विचार करू. मटण ताट मागवलं की तांबडा-पांढरा ताटाबरोबर येतोच, त्याला वेगळे पैसे नाहीत. जादाचं सुकं पाहिजे तर वेगळं सांगायचं. तसं रोज लागणारं तेवढं आपण द्यायचं, बाकीचं ज्याचं त्यानं आणायचं." दृष्टान्त चोख होता. फक्त तो कोल्हापुरात दिला गेला. फाउंड्रीवाला म्हणाला, पांढरा कुठला, नारळाच्या दुधाचा की नुसत्या यखणीचा? प्राध्यापकांनी नारळाविना पांढऱ्याला पांढरा म्हणणाऱ्यांविषयी मत दिलं. मॅडमनी त्यांच्या आत्याच्या हातच्या रश्श्याची साक्ष काढली. अंधार पडेपर्यंत चर्चा चालली, आबांनी भडंग मागवला आणि त्या दिवशी इतिवृत्तात लायब्ररीचं एकही नाव चढलं नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. एक चढलं. ते माझं होतं. उसाचा टनेज, रसाचा उतारा आणि गुळाचे रवे यांचा हिशोब करणारी एक छोटी लायब्ररी मी मागंच लिहिली आहे. जगात ती आजवर एकाच माणसानं उतरवून घेतली आहे, आणि तो माणूस दर वेळी नवीन लॅपटॉपवर तीच उतरवून घेतो. सगळे पांढऱ्या रश्श्यात होते, यादी माझ्या हातात होती. 'ग' वर जागा मोकळी दिसली.

पुढं सूचनांचा पूर आला तो मी थोडक्यात सांगतो. फाउंड्रीवाल्यानं कास्टिंगमधले दोष कॅमेऱ्यानं पकडायला ओपनसीव्ही घातली आणि एक्सेलच्या फाईली वाचायला ओपनपायएक्सेल, "कारण कोल्हापुरातलं सगळं शेवटी एक्सेलमधी जातंय." टेन्सरफ्लो कुणी सुचवली ते आता कुणीच कबूल करत नाही. ती एकटीच शेकडो एमबीची आहे. वेबवाले सर म्हणाले, "असल्या गोष्टी ठरवायला मोठी माणसं आहेत. पवईच्या आयआयटीत फॉसी म्हणून अख्खा प्रकल्प आहे, कॉलेजांनी मुक्त सॉफ्टवेअर वापरावं म्हणून काम करतात. त्यांना विचारू."

"त्यांच्याकडं नेट असतंय," आबा म्हणाले. विषय संपला. पण तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियलचे व्हिडिओ मात्र आम्ही घेतले. ते मराठीतही आहेत आणि एकेक साधारण दहा मिनिटांचा आहे. मोजके घ्यायचे ठरलं होतं. सगळे घेतले.

तुम्हाला वाटेल, हा राजारामपुरीचा गुण. तसं नाही. खुद्द पायथन करणारे मोठमोठे लोक पहिल्यापासून ह्याच रोगानं आजारी आहेत. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ही भाषा बाहेर आणली आणि तिची जाहिरातच अशी होती की खेळण्याबरोबर सेलही डब्यातच मिळतील. मग ज्याला जे सुचेल ते डब्यात पडत गेलं. कमांड लाईनवरचे पर्याय वाचण्याचं एकच काम करायला तिच्यात गेटऑप्ट आहे, ऑप्टपार्स आहे आणि आर्गपार्स आहे. तिसरं आलं तेव्हा पहिली दोन काढता आली असती. असू दे, म्हणाले असतील.

अखेर २०१९ मध्ये ख्रिश्चन हाइम्स यांनी मेलेले सेल बाहेर काढायचा प्रस्ताव मांडला. क्रमांक ५९४. त्यात टेलनेट होतं. यूजनेटच्या बातम्या वाचायचं एक मॉड्यूल होतं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या आवाजाच्या फाईली वाचणारं सनएयू होतं. सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलनं गिळली होती. निकाल काय लागला? प्रस्तावाला मंजुरी २०२२ ला, त्याच वर्षी 'ही जाणार' अशी सूचना, आणि प्रत्यक्ष उचलबांगडी ऑक्टोबर २०२४ ला, पायथन ३.१३ बरोबर. एकूण १९ मॉड्यूल. आमच्या गल्लीतलं अतिक्रमण याहून लवकर निघतं, असं म्हणणार होतो. पण गल्ली डोळ्यांसमोर आली.

त्यातही वेव्ह नावाचं एक मॉड्यूल वाचलं, ते का वाचलं हे ऐकण्यासारखं आहे. डेव्हिड बीझली या जाणत्या प्रोग्रामरनं सांगितलं, की ते पोरांना शिकवायला सोपं आहे, त्यातून चित्रविचित्र आवाज काढता येतात आणि नऊ वर्षांच्या पोराला त्याची भारी ओढ लागते. प्रस्तावात हे कारण रीतसर नोंदवलेलं आहे. हे वाचून मला आमच्या समितीबद्दल एकदम आदर वाटायला लागला. आमची कारणं निदान देवीपर्यंत तरी पोचली होती.

उलटं उदाहरणही आहे. रिक्वेस्ट्स ही वेबवरून माहिती आणणारी लायब्ररी इतकी लाडकी, की २०१५ मध्ये ती पायथनच्या आतच घ्यावी का यावर खल झाला. घेतली नाही. कारण रास्त होतं: एकदा आत आली की तिला पायथनच्याच वेळापत्रकानं चालावं लागणार, आणि सुरक्षेची भगदाडं काही वेळापत्रक बघून पडत नाहीत. म्हणून ती बाहेर राहिली. आता गंमत बघा. पायथनच्या स्वतःच्या डब्यात या कामाचं जे मॉड्यूल आहे, त्याच्या अधिकृत माहितीपत्रातच लिहिलंय की सोपं हवं असेल तर बाहेरची रिक्वेस्ट्स वापरा.

हॅस्केल या भाषेच्या मंडळींनी तर २००९ साली निवडक लायब्रऱ्यांचा मोठा गठ्ठाच बांधला, हॅस्केल प्लॅटफॉर्म म्हणून. आत कुणाला घ्यायचं याचे रीतसर अर्ज, त्यावर रीतसर वाद. २०२२ पर्यंत तो गठ्ठा मोडीत निघाला होता. आणि ज्यांनी डब्यात फारसं काही घातलंच नाही त्या जावास्क्रिप्टवाल्यांचं काय? मार्च २०१६ मध्ये एका चिडलेल्या गृहस्थानं आपली सगळी पॅकेजेस नेटवरून काढून घेतली. त्यात लेफ्टपॅड होतं, मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणारं, ११ ओळींचं. तेवढ्यानं जगभरातले प्रकल्प अडून बसले. भाषेनं पुढच्या वर्षी ती सोय स्वतःतच घालून घेतली. आबांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "बगा. म्हनून म्हनतोय काय काढू नका."

तर आमची यादी पुरी झाली. सगळं एका झिपमध्ये बांधलं, आबांनी नारळ फोडला आणि मी फाईल ३२ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर टाकायला लावली. संगणक म्हणाला, फाईल फार मोठी आहे.

"३२ जीबीत मावंना?" फाउंड्रीवाला ओरडला.

जागा होती. पण नवा पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीनं मांडलेला येतो, आणि त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. इतक्या बैठकांत आम्हाला कुणी नाही म्हणालं नव्हतं. ते एका पेन ड्राइव्हनं म्हटलं.

मग काढायची बैठक झाली. नियम असा, की प्रत्येकानं एक नाव काढायला सुचवायचं. प्रत्येकानं उत्साहानं सुचवलं, फक्त दुसऱ्याचं. मॅडमना ओपनसीव्ही नको होती, फाउंड्रीवाल्याला सीबॉर्न सोडून बाकीचे आलेख नको होते, प्राध्यापकांना टेन्सरफ्लो म्हणजे भानामती वाटत होती. वेबवाल्या सरांनी माझ्याकडं बघत 'ग' चं नाव घेतलं. मी शांतपणे सांगितलं, की ती ९ केबीची आहे, काढून वाचणार काय? सगळ्यांना पटलं. म्हणजे लहान ती लहान म्हणून राहिली. मग टेन्सरफ्लो काढू म्हटलं, तर फाउंड्रीवाला म्हणाला, "एवढी मोठी परत नेटवरनं कोन आननार?" मोठी ती मोठी म्हणून राहिली. मधल्या ज्या होत्या त्यांच्यावर लहान-मोठ्या अवलंबून होत्या, त्यांना हात लावायची सोयच नव्हती. सिक्सकडं तर कुणी वाकडी नजरही केली नाही.

शेवटी एका झिपच्या दोन झिप केल्या. दोन्ही मावल्या. आबांनी दुसरा नारळ फोडला.

पेन ड्राइव्ह गगनबावड्याला पोचला आणि सोमवारी पोरगं आलं. "सर, नुसती पायथनच बसंना." त्याच्या घरचा संगणक काकांच्या दुकानातनं आलेला, विंडोज ७ चा. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढची चालत नाही, आणि आम्ही दिली होती ३.१३. गंमत म्हणजे ३.८ चा आधार अधिकृतपणे थांबला तो ऑक्टोबर २०२४ मध्येच, म्हणजे ३.१३ जन्मली त्याच महिन्यात.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"जुनी ३.८ होती सर त्याच्यात. टर्टलवर पाऊस काढला."

टर्टल म्हणजे पडद्यावर रेघोट्या ओढत फिरणारं कासव. ते पायथनच्या डब्यातच येतं, नेट लागत नाही, समितीही लागत नाही. पाऊस मात्र पोरानं छान काढला होता. तिरका.

दुसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आहे. समितीवर दोन सदस्य वाढले आहेत. वाचकांना नम्र विनंती, की कुठली लायब्ररी घालावी हे कृपा करून कळवू नये. तशी यादी आमच्याकडं भरपूर आहे. काढायची कुठली एवढंच कारणासह लिहून पाठवावं. पंचांग सुचवू नये, आबा विश्वस्त आहेत. आणि 'ग' पासून सुरू होणाऱ्या नावांवर विचार केला जाणार नाही.